पायगुण

माझ्या उजव्या पायाबद्दल आजवर माझी काही तक्रार नव्हती. चालतो, जिने चढतो, गाडीचा ब्रेक वेळेवर दाबतो. टिग वेल्डिंग, म्हणजे टंगस्टनच्या टोकापासून विजेची ज्योत पेटवून धातू जोडणं, शिकताना ॲल्युमिनियमची पाळी आली आणि कळलं, की हा पाय आपला नाहीच. कुण्या हितशत्रूने तो माझ्याकडे मुक्कामाला ठेवलाय.

टिगमध्ये दोन्ही हात आधीच अडकलेले असतात. उजव्या हातात टॉर्च. तिच्यातलं टंगस्टनचं टोक जॉबपासून, म्हणजे जोडायच्या पत्र्यापासून, दोन-तीन मिलिमीटरवर अधांतरी धरायचं, टेकू द्यायचं नाही. डाव्या हातात फिलरची, म्हणजे सांध्यात भरायच्या धातूची, काडी. आता करंट कमी-जास्त कोण करणार? उरला कोण, तर पेडलवरचा पाय. ज्याला मी जन्मात चपलेत शिरण्यापलीकडे काही शिकवलं नाही, त्याच्याकडे सगळ्यात नाजूक खातं.

लोखंड तसं सरळमार्गी. तापलं की लाल होतं, सांगून सवरून वितळतं. ॲल्युमिनियमच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नाही. 660 अंशांना ते वितळतं, पण अंगावरचा ऑक्साइडचा पापुद्रा 2000 अंशांच्याही वर टिकून असतो. आतला गडी केव्हाच पाघळलेला आणि वरचा अंगरखा कडक इस्त्रीत! म्हणून आधी ॲसिटोनने पुसा, स्टेनलेसच्या ब्रशने घासा, आणि मग एसी, म्हणजे सारखा दिशा बदलणारा, करंट लावा. त्याच्या एका अर्ध्या फेरीत पापुद्रा उडतो, दुसऱ्या अर्ध्या फेरीत उष्णता आत जाते.

वर हा धातू उष्णता पसरवण्यात पटाईत. सुरुवातीला कितीही ओता, पत्रा ढिम्म. मग सगळा पत्रा तापतो आणि आतापर्यंत पुरत नव्हता तोच करंट डोईजड होतो. म्हणजे पेडल आधी चांगलं दाबायचं, चकचकीत डबकं तयार झालं की पुढे सरकता सरकता हळूहळू सोडत जायचं. गाडीवर वाढलेल्या पायाला हे पटेना. त्याचं म्हणणं, निघताना हळू आणि रस्ता मोकळा मिळाला की जोरात.

त्यात भाषेचा घोळ. वितळलेल्या डबक्याला वर्कशॉपमध्ये ‘पडल’ म्हणतात. सर ओरडले, "पडल बघा, पेडल सोडा!" मी ऐकलं, "पेडल बघा." बघितलं. हेल्मेटच्या काळ्या काचेतून पाय दिसतो कुठला? मान खाली गेली, तिच्याबरोबर टॉर्च खाली गेली आणि टंगस्टन डबक्यात बुडालं. टोकावर ॲल्युमिनियमचा गोळा, बीडवर, म्हणजे वेल्डच्या रेघेवर, काजळी. मशीन बंद, टंगस्टन बाहेर, ग्राइंडरवर पुन्हा टोक. त्या दिवशी मी वेल्डिंग कमी आणि पेन्सिलीला टोक काढण्याचाच उद्योग जास्त केला.

तरी खरा रोग वेगळाच. मी घाबरलो की पाय दाबतो. डबकं पसरायला लागलं, कडा खचू लागल्या, डोकं ओरडतंय ‘सोड, सोड!’ आणि पाय जमिनीत खुंटी ठोकल्यासारखा. क्षणात पत्र्याला खिडकी. त्या खिडकीतून मला टेबल दिसलं. मी लगेच जाहीर केलं, की दोष बुटांचा आहे. तळवा जाड असल्यामुळे पेडल किती दबलंय ते समजतच नाही. सर काही बोलले नाहीत. मशीनचा आकडा 200 वरून 130 वर आणला. पत्रा तीन मिलिमीटरचा, आणि मिलिमीटरमागे साधारण 40 अँपिअर हा ढोबळ हिशोब. पेडल पूर्ण दाबलं तरी करंट या आकड्यापुढे जात नाही. थोडक्यात, माझ्या पायाला दावं बांधलं.

मग पेडलच पळायला लागलं. गुळगुळीत फरशीवर प्रत्येक दाबाला बोटभर मागे. शेवटी मी खुर्चीच्या टोकावर, पाय टेबलाखाली लांबवलेला, जणू अंधारात हरवलेली चप्पल चाचपतोय. मधेच पेडल सुटलं की आर्क, म्हणजे ती विजेची ज्योत, गुल, आणि मी काळ्याकुट्ट काळोखात फिलरची काडी धरून बसलेलो.

आणि एके दिवशी जमलं. डबकं, फिलरचा ठिपका, पुढे. डबकं, ठिपका, पुढे. पाय आपसूक ढिला होत गेला. नाण्यांची चळत आडवी सांडावी तशी बीड पडत होती. टोकाला पोचलो आणि आनंदाच्या भरात पाय झटकन उचलला. शेवटी पेडल सावकाश सोडत खड्ड्यात फिलर भरायचा असतो, आणि आर्क विझल्यावरही तापलेल्या धातूला हवेपासून जपणारा आर्गन वायू वाहतोय तोवर टॉर्च तिथेच धरायची असते, हे आर्क विझल्यावर आठवलं. टॉर्च तेवढी धरून राहिलो.

सरांनी बीडवरून बोट फिरवलं. शेवटच्या खड्ड्यापाशी थांबले. खड्ड्यात कोंबडीच्या पावलासारखी तीन बोटांची बारीक चीर होती. त्यांनी चिरेकडे पाहिलं, मग टेबलाखाली.

"बुटांचंच असणार," म्हणाले.