वेड्या लिअरलाच न्याय कळतो

'वेड लागल्यावर लिअरची न्यायबुद्धीही जाते' हे शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' नाटकावरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. उलटच आहे की! शुद्धीवर असताना हा राजा काय न्याय करतो? माझ्यावर प्रेम किती, असं मुलींना विचारून राज्य वाटतो. तोंडपुजेपणा न करणाऱ्या धाकट्या कॉर्डेलियाच्या हाती भोपळा, आणि मध्ये बोलणारा सरदार केंट हद्दपार. वेड लागल्यावर मात्र, चौथ्या अंकात, तोच आंधळ्या झालेल्या सरदार ग्लॉस्टरला विचारतो: न्यायाधीश आणि चोर यांच्या जागा बदलल्या तर कोण कुठला, सांगता येईल का? फाटक्या कपड्यांतून बारीकसारीक पापंही दिसतात, उंची झग्याखाली सगळं झाकलं जातं. सिंहासनावर असताना हे त्याला कधी दिसलं होतं?

आणि वादळाच्या रात्रीच्या त्या लुटुपुटूच्या खटल्याचा उल्लेखच नाही? आरोपी थोरली मुलगी गॉनरिल म्हणजे एक स्टूल, आणि न्यायासनावर विदूषक आणि वेड्या भिकाऱ्याच्या सोंगातला ग्लॉस्टरचा मुलगा एडगर. हा प्रसंग १६०८ च्या छापील प्रतीत आहे, १६२३ च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांच्या संग्रहात) नाही. मी पाहिलेल्या एका प्रयोगात तो गाळला होता. (वेळ वाचवायला असेल.) पुढे शेवटपर्यंत लिअर नुसता चिडका म्हातारा वाटत राहिला.