आरोळ्यांपेक्षा लाइनआउट बघा
‘थॉमंड पार्कचा गोंगाटच मन्स्टरला तारेल’ हे आयर्लंडच्या मन्स्टर रग्बी संघावरच्या आणि त्याच्या थॉमंड पार्क या मैदानावरच्या लेखातलं म्हणणं अर्धंच खरं. १८ जानेवारी २००३ ला इंग्लंडच्या ग्लॉस्टर संघाविरुद्ध पुढच्या फेरीसाठी चार ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणं) आणि २७ गुणांचा फरक हवा होता. ३३-६ जमलं, तेही शेवटच्या ट्रायवर मन्स्टरचा किकर ओ'गारा याचं कन्व्हर्जन (ट्रायनंतरची जादा गुणांची किक) बसलं म्हणून. शिवाय किकच्या वेळी तिथे चिडीचूप असते, पाहुण्यांच्या किकलासुद्धा!

चार ट्रायच्या बोनस गुणासाठी प्रत्येक पेनल्टी खांबांवर न मारता कोपऱ्यात, मैदानाबाहेर मारत सुटू नये. वारा असेल तर गोलरेषेपासून पाच मीटरवरच्या लाइनआउटला (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये फेकणं) मागच्या उडीवाल्याकडे टाकलेला चेंडू वाकडा जातो, आणि फुकट ताबा जातो. पुढच्याकडेच फेका, मग मॉल (चेंडूवाल्याला घेरून उभ्यानेच ढकलत नेणं). मॉल अडला की पंच चेंडू काढायला लावतात. नेमकी तिथेच आपली मंडळी घाईत नॉक-ऑन करतात, म्हणजे चेंडू हातातून पुढे पाडतात. तेवढं टाळलं तर यंदा आशा आहे.