बिनतळाची टाकी आणि बोअरचं पाणी

घर बांधणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय: ‘संडासच्या टाकीला तळ करूच नका. २० फूट खड्डा घ्या. पाणी मुरतं, टाकी जन्मभर उपसावी लागत नाही, वर बोअरलाही पाणी वाढतं.’ लातूर-बीडकडं बोअरला पाणी वाढणार म्हटलं की माणूस पुढचं वाचत नाही.

पाणी वाढेलही, पण कोणतं? आपल्याकडं वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा पाषाण. या पाषाणाच्या भेगांतूनच बोअरला पाणी लागतं. २० फुटी खड्डा माती ओलांडून मुरमात, कातळात उतरतो. गाळणारा थर मागंच राहतो आणि मैलापाणी भेगेतून तुमच्या नाहीतर शेजाऱ्याच्या बोअरमध्ये जातं. म्हणून तर भारतीय मानक आय.एस. २४७० प्रमाणे टाकीतलं पाणी जिरवायची जागा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर, म्हणजे ५९ फूट लांब हवी. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट. त्यात बोअरही आणि शोषखड्डाही कसा बसवणार? अशा प्लॉटवर पक्क्या तळाची टाकी, पुढं खडीचा फिल्टर आणि मग गटार, हाच मार्ग उरतो.

‘नांदेडला गावोगाव शोषखड्डे झालेच की,’ हा त्यावरचा ठरलेला जबाब. झाले, आणि चांगले झाले. पण ते सांडपाण्याचे, न्हाणी-मोरीच्या पाण्याचे. मैल्याचे नव्हेत.

‘मुरतं’ हे तरी तपासलंय का? खड्ड्यात पाणी ओतून आधी माती भिजवा, मग पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते मोजा. तासाच्या वर गेला तर तिथं शोषखड्डा चालणार नाही. पावसात फुगलेली काळी माती बहुधा याच परीक्षेत नापास होते.

उपशाचं तर उघडच आहे. गाळ जिरत नाही, साचतो आणि मातीची छिद्रं बुजवतो. आय.एस. २४७० प्रमाणे ५ माणसांना दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, मीटरभर पाण्याची टाकी पुरते, दर २ वर्षांनी उपसायची. काहीजण सांगतात तसं टाकीत गूळ-ताक ओतून हा उपसा टळत नाही. फक्त झाकणावर फरशी बसवू नका, मैला उपसणाऱ्या गाडीचा पाईप आत गेला पाहिजे. माणूस उतरवायची वेळच येऊ नये.