नोटीस आली म्हणजे बॅग भरायची नाही
‘अमेरिकेतून हद्दपारीची नोटीस मिळाली की खेळ संपला,’ असं एका लेखात लिहिलंय. ते तेवढं खरं नाही. आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या मावसभावाचा मुलगा यातून जातोय, म्हणून लिहितो.

ही नोटीस, म्हणजे ‘नोटीस टू अपिअर’, हा हद्दपारीचा हुकूम नसतो, इमिग्रेशन न्यायाधीशापुढे हजर राहण्याचं बोलावणं असतं. वकील करता येतो, पण स्वतःच्या खर्चाने. सरकार देत नाही. दुभाषा मात्र कोर्टच देतं, फुकट. पोराने मराठी दुभाषा मागितला. हे ऐकून मावसभाऊ म्हणाला, “इथं कन्नड नोटीस आली की वाचून घ्यायला मी गल्लीभर फिरतो, आणि तिकडं माझ्या पोराला मराठी!” हसावं की रडावं कळेना.

त्याची खरी चूक वेगळीच. खोली बदलली आणि कोर्टाला नवा पत्ता पाच दिवसांत कळवायचा असतो, तो कळवलाच नाही. कागद जुन्या दारात पडून. तारखेला गैरहजर राहिलं तर न्यायाधीश पाठीमागेच हद्दपारीचा हुकूम काढू शकतो. नशीब, जुन्या रूममेटने फोटो पाठवला.

आश्रय मागायचा तर साधारणपणे पोहोचल्यापासून वर्षाच्या आत अर्ज. दहा वर्षं राहिलेल्यांना हद्दपारी रद्द करून मागण्याची वेगळी सवलत आहे, पण त्यात नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्या बायको-मुलांचे किंवा आईवडिलांचे असाधारण हाल सिद्ध करावे लागतात. सगळ्यांनाच न्यायाधीश भेटतो असंही नाही. सीमेवर पकडलेल्यांना बऱ्याचदा झटपट परत धाडतात.

आणि न वाचता सही करू नका, एजंट काहीही म्हणो.