‘मगरीचे अश्रू’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. अमेरिकेतल्या एका संग्रहालयात पाहिलेल्या किगांगोवर, म्हणजे केनियातल्या गिर्यामा लोकांच्या पितरांच्या नावाने रोवलेल्या कोरीव लाकडी खांबावर, मी लिहिलं, त्याखाली आपली निनावी प्रतिक्रिया आली : “फादर, ज्यांचे पितर तुम्ही लोकांनी हिरावले, त्यांच्याच खांबापुढे आता मगरीचे अश्रू ढाळताय?” टीका करा, हरकत नाही. पण ही काय बोलायची तऱ्हा झाली? आमच्या वसईत वडीलधाऱ्यांशी असं कोणी बोललं, तर घरचेच कान उपटतात.

‘हिरावले’ म्हणता ना, मग ऐका. केनियात किलिफीच्या आतल्या भागात, गिर्यामांच्या वस्त्यांत माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. तिथे गोहू नावाच्या, मानकऱ्यांच्या मंडळातला कोणी मोठा माणूस वारला, की मागाहून तो घरच्यांच्या स्वप्नात येतो. मग त्याच्या नावाने लाकूड कोरून रोवायचं. आपला वीरगळ असतो तसंच. वर गोल डोकं, अंगभर त्रिकोणी खाचा, कमरेला चिंधी. म्हातारे त्याच्या पायाशी माडी ओतायचे. मी एकदाही हटकलं नाही. उलट उरलेल्या माडीतला घोट मलाही मिळे. (हे बिशपांना सांगू नका.)

वस्ती उठली तरी किगांगो हलवायचा नाही, अशी रीत. मागे एकटे राहिलेले हे खांब रातोरात उपटून दलालांना विकले कोणी? पाद्र्यांनी? दलालांकडून ते दुकानांत गेले, दुकानांतून परदेशी संग्राहकांकडे, आणि त्यांनी संग्रहालयांना देणग्या दिल्या. डेन्व्हरच्या संग्रहालयाने 2019 मध्ये 30 विगांगो (किगांगोचं अनेकवचन) केनियाला परत केले, तेव्हा आपण कुठे होतात?

त्या काचेआडच्या खांबाला बुडाशी मातीचा डाग अजून होता. हिवतापात मला पेज पाजणारी माणसं आठवली, डोळे भरले. त्यात मगर कुठून आली?

लेखातला फोटो धूसर आहे, हे मात्र आपलं सोळा आणे खरं. काचेतून काढला होता.

राहता राहिलं आपलं शेवटचं वाक्य : मिशनच्या शाळांत शिकलेल्या पोरांना या खांबांचा धाक उरला नाही, म्हणून चोरांचं फावलं. हा विषय मोठा आहे, इथे चार ओळींत उरकण्यातला नाही. आणि खरं सांगू? जी पोरं मी शिकवली, त्यांच्याबद्दल मुंबई-पुण्यात खुर्चीत बसून कोणी मला सांगावं, हे मला झेपत नाही.

यापुढे नाव लिहीत असाल तरच प्रतिक्रिया ठेवीन.