2520 चा मेसेज पुढे ढकलण्याआधी 5040 ला भागून बघा

परवा अमळनेरला बहिणीकडे होतो. भाची सहावीत आहे. कापसाच्या काट्याच्या पावतीमागे तिने 5040 ला 1 ते 10 सगळ्यांनी भागलं होतं. दर वेळी बाकी शून्य. आणि मग ते सगळं तिनेच खोडून टाकलेलं. का, तर आजोबांच्या मोबाइलवर मेसेज आलाय: 1 ते 10 सगळ्यांनी भाग जाणारी संख्या जगात एकच, 2520, ती रामानुजनांनी शोधली आणि जगातले गणिती चक्रावले. मला विचारते, "मामा, मनं चुकनं का?"

नाही गं, तुझं बरोबर होतं. चुकलाय तो मेसेज.

त्यातला "एकच" हा शब्द मला सगळ्यात घातक वाटतो. 2520 ची दुप्पट 5040, तिप्पट 7560, चौपट 10080, सगळ्यांना भाग जातो. मोजत बसा, संपायच्या नाहीत. 1 ते 10 चा नुसता गुणाकार केला तरी 3628800 येतात, त्यांनाही जातो. 2520 चं वैशिष्ट्य एवढंच की ती या सगळ्यांत लहान. शाळेत यालाच लसावि म्हणतात. 8 साठी तीनदा 2 घ्या, 9 साठी दोनदा 3, मग एक 5 आणि एक 7. झाले 2520. शाळकरी पोरं हे वहीत काढतात, आणि आपण त्याच पोरांना सांगतो की याच्यासमोर जगाने हात टेकले! एका मुलीने बरोबर आलेलं गणित खोडलं, याचा मला खरा राग आहे.

मेसेजात आणखी एक चमत्कार असतो: आठवड्याचे 7 दिवस, महिन्याचे 30, वर्षाचे 12 महिने यांचा गुणाकार 2520. हे खरं आहे, मान्य. 30 मध्ये 2, 3, 5 आहेत, 12 मध्ये 4 आणि 3; सोबत 7 आला की लागणारे सगळे अवयव जमतात. पण दिवसांना दिवसांनी आणि वर महिन्यांनी गुणून हाती काय लागतं? ना दिवस, ना महिने.

काही मेसेजांत ही संख्या पिरॅमिडवर कोरलेली सापडते. कोणता पिरॅमिड, कोणाचं उत्खनन, काहीच दिलेलं नसतं. गणिताचा शिलालेख बघायचाच असेल तर चाळीसगावजवळ पाटण्याला चला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याला 1207 साली दान मिळाल्याची नोंद तिथे दगडावर आहे.

आता रामानुजन. त्यांच्या नावावर लसावि खपवणं म्हणजे त्यांचं काम झाकून ठेवणं. 1915 साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीने त्यांचा मोठा निबंध छापला. विषय होता, आपल्यापेक्षा लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्या. 2520 ला 48 विभाजक आहेत, तिच्याहून लहान एकाही संख्येला तेवढे नाहीत, म्हणून तीही त्यांच्या यादीत आहे. पण नुसती एक ओळ म्हणून. यादी जाते 6746328388800 पर्यंत, म्हणजे 6 लाख 74 हजार 632 कोटींच्याही पुढे, आणि या शेवटच्या संख्येचे विभाजक 10080! अवयव पाडून बघा: 2 सहा वेळा, 3 चार वेळा, 5 आणि 7 दोन-दोनदा, मग 11, 13, 17, 19, 23 एकेकदा. मधला एकही मूळ अवयव गाळलेला नाही आणि पुढे जाताना घात कुठेच वाढत नाही. अशा प्रत्येक संख्येला हे लागू होतं, हे त्यांनी सिद्ध केलं. याच कामावर 1916 मध्ये केंब्रिजने त्यांना पदवी दिली.

हाताने केलेल्या त्या यादीत एक संख्या राहून गेली, 293318625600. शेवटच्या संख्येला 23 ने भागलं की तीच येते. भाचीने दुसरी पावती शोधली आणि अंक एकाखाली एक मांडत भागाकार केला. बाकी शून्य. या वेळी तिने तो खोडला नाही.