माशी दिसेना, खाच दिसेना

गेल्या येळवशीला मी साडूभाऊंच्या नव्या मोटरसायकलचा डावा आरसा फोडला. मोटरसायकल मी नेम धरलेल्या डब्यापासून दहा पावलं बाजूला उभी होती. साडूभाऊ आता तीस सांगतात, आणि दर लग्नात त्यात दोन-तीन पावलांची भर पडते.

ज्यांना येळवस ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मार्गशीर्ष अमावास्येला आमच्या लातूर-धाराशिवकडे गावं रिकामी होतात आणि शेतं भरतात. कडब्याच्या कोपीत पांडव मांडून पूजा होते, मग भज्जी, उंडे, खीर, आणि वरून आंबील. दोन तांबे आंबील पोटात गेली की माणसाला एकतर झोप लागते, नाहीतर पराक्रम सुचतो. मला पराक्रम सुचला.

पराक्रमाचं साधन मुलानं दिलेलं. अठ्ठावन्न पुरी करून मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हा घरच्यांनी शाल, श्रीफळ आणि एक एअरगन दिली. बोअर ४.५ मिलिमीटर आणि ऊर्जा २० ज्यूलच्या आत असली की परवाना लागत नाही, एवढी चौकशी पोरानं केली होती. माझ्या डोळ्यांची चौकशी कुणी केली नव्हती.

बंदूक आमच्या घराण्याला नवी नाही. आजोबांकडं निजामाच्या अमदानीतली ठासणीची बंदूक होती आणि एका काळविटाची गोष्ट होती. बंदूक पुढं कुठं गेली कुणालाच माहीत नाही, पण गोष्ट राहिली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, त्याच साली दुष्काळही पडला. म्हणजे शिकारी आणि शिकार दोघांचेही दिवस एकदमच फिरले. आता ज्वारीवर राघू उतरले तरी त्यांच्यावर छर्रा झाडणं गुन्हा आहे, आणि ते बरंच आहे. रानडुकराचं म्हणाल तर त्याला एअरगनचा छर्रा मारणं म्हणजे त्याला नावानं हाक मारणं. तेव्हा माझी शिकार रिकाम्या डब्यांची. गोडेतेलाचा, बेसनाचा, फार तर रंगाचा. मागं मातीचा उंच बांध, म्हणजे चुकलेला छर्रा मातीत जातो. जायला पाहिजे.

तर आरसा. साडूभाऊ फुटलेल्या काचा वेचत म्हणाले, "सर, तुम्हाला डबा दिसला तरी होता का?"

डबा दिसत होता, हीच तर गंमत. दिसत नव्हती ती माशी. बंदुकीच्या नळीच्या टोकाला जो बारीक खुंट असतो ती माशी, आणि डोळ्याजवळ असते ती खाच. खाचेत माशी बसवायची, माशीवर डबा बसवायचा आणि घोडा ओढायचा. तीन वस्तू, तीन अंतरांवर, एकाच वेळी स्पष्ट. विशीतला डोळाही खरं म्हणजे हे एकदम करत नाही, पण तो एकीवरून दुसरीवर इतक्या चपळाईनं उड्या मारतो की आपल्याला पत्ता लागत नाही. साठीकडं झुकलेला डोळा उडी मारत नाही. तो ओसरीवर बसून राहतो आणि म्हणतो, ज्याला दिसायचंय त्यानं माझ्यापुढं यावं.

लांबच्या चष्म्यातून डबा लख्ख, पण माशीच्या जागी धुकं आणि खाचेच्या जागी तर काहीच नाही. जवळच्या चष्म्यातून खाच सुबक दिसायची, डबा मात्र पार निलंग्याला गेलेला. बायफोकल लावला तर माशी पाहायला मान वर आणि डबा पाहायला मान खाली. मी तशी मान हलवत असताना आमचा सालगडी लांबून ओरडला, "मालक, व्हय म्हनलालाव का नाय?"

लाज वाटावी अशी गोष्ट पुढंच आहे. तीस वर्षं मी दहावीला विज्ञान शिकवलं. भिंगांच्या धड्यात 'वृद्धदृष्टिता' नावाचा दोष येतो. समायोजी स्नायू दुर्बळ होतात, नेत्रभिंग ताठरतं, निकटबिंदू डोळ्यापासून दूर सरकतो. हे मी डस्टर आपटून आपटून पाठ करून घेतलं. निकटबिंदू २५ सेंटिमीटर, लिहा! पण तो माझाही सरकणार आहे, असं त्या तीस वर्षांत एकदाही मनात आलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून नंबर वाढवला, मोतीबिंदूची जरा सुरुवात आहे म्हणाले, आणि विचारलं, "नेमकं काय दिसायला अडचण होते? पेपर? मोबाइल?"

"माशी," मी म्हणालो.

त्यांनी आधी भिंतीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. खुलासा केल्यावर मात्र माणूस खुलला. म्हणाले, बंदुकीवर दुर्बीण बसवा. दुर्बिणीत नेम धरायची फुली आणि डबा एकाच पातळीत दिसतात, डोळ्याला उड्या माराव्याच लागत नाहीत. एवढं साधं होतं. पुढचे चार महिने दुर्बीण निवडण्यात गेले.

पहिला सल्ला पुतण्याचा. तो पुण्यात इंजिनिअरिंग करतो, म्हणजे त्याला सगळं येतं. "काका, सहा ते चोवीस पट घ्या, पन्नासचं भिंग. चंद्रावरचे खड्डे दिसतील." मी म्हणालो, बाबा, मला चंद्र पाडायचा नाही, बेसनाचा डबा पाडायचाय, तोही पंचवीस यार्डांवरून.

दुसरा सल्ला लातूरच्या दुकानदाराचा. तो माझाच विद्यार्थी निघाला. निवृत्त मास्तराला मराठवाड्यात कुठंही फसायचं असेल तर फसवणारा विद्यार्थीच निघतो. "सर, तीन ते नऊ पट न्या. तुम्हीच शिकवलं होतं, विशालन जास्त तर दिसतं जास्त."

मी असं शिकवलं नव्हतं. पण चहा त्यानं मागवला होता, म्हणून गप्प बसलो. त्यानं दुर्बीण हातात दिली, मी दुकानाच्या दारातून समोरच्या रिकाम्या गच्चीवरची टाकी पाहिली. तीन पटीला टाकी शांत होती. नऊ पटीला ती संक्रांतीच्या पतंगासारखी गोते खाऊ लागली. वस्तू नऊ पट मोठी होते तसा हाताचा कंपही नऊ पट होतो, आणि त्यात माझे छातीचे ठोके ऐकू यायच्या ऐवजी दिसू लागले. असलं काही पाहायची माझी तयारी नव्हती. शिवाय डोकं सुतभर हललं की चित्राच्या कडेनं काळी चंद्रकोर आत शिरायची आणि टाकी गिळून टाकायची.

इथं माझ्यातला मास्तर जागा झाला. दुकानदाराच्याच पावतीपुस्तकावर गणित मांडलं. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, म्हणजे डोळ्याकडं येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी. पुतण्याच्या चोवीस पटीला ५० भागिले २४, जेमतेम २ मिलिमीटर. दुकानदाराच्या दुर्बिणीचं भिंग चाळीसचं, तिच्या नऊ पटीला ४० भागिले ९, साडेचारच्या आत. आणि कोपऱ्यात धूळ खात एक साधी, एकाच पटीची होती, ४×३२. बत्तीस भागिले चार, ८ मिलिमीटर! तरुण माणसाची बाहुली अंधारात ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, माझ्या वयाची साधारण पाचवर अडते, आणि दिवसा तर दोन-तीनच असते. म्हणजे माझ्या तीनच्या भोकासाठी आठचा झोत. डोकं इकडं तिकडं झालं तरी डबा जाणार नाही. दोनाच्या झोतात दोनाची बाहुली बसवणं म्हणजे सुई ओवणं, आणि सुई तर मी कधीच सोडून दिलीय.

"ही द्या," मी म्हणालो.

"सर, ही जुन्या लोकांची आहे."

"मग कुणाची पाहिजे?"

त्याच्या नजरेतून मी तिथंच उतरलो. एकाच पटीच्या दुर्बिणीला पट फिरवायची कडी नसते, आत सरकणारी भिंगं नसतात, विसरायला काही नसतं. ज्याला मोबाइलचा आवाज कमी करायला नातू लागतो त्याला याची किंमत कळते. फुलीही मी जाड निवडली, बाहेरून जाड आणि मधोमध बारीक. पुतण्या सांगत होता ती ठिपक्याठिपक्यांची नको. आमच्या डोळ्यांत आधीच पुरेसे ठिपके तरंगतात.

एक गोष्ट मात्र दुकानदारानं नीट सांगितली, त्याचं श्रेय त्याला देतो. एअरगन दिसते गरीब, पण दुर्बिणीची वैरी. स्प्रिंग सुटते तेव्हा आतला दट्ट्या पुढं धावतो आणि बंदूक मागं हिसका देते. मग दट्ट्या टोकाला पोचून थांबतो आणि बंदूक पुढं हिसका देते. मोठ्या रायफलीचा धक्का एकाच दिशेचा असतो, म्हणून नुसत्या त्या धक्क्याच्या बेतानं बांधलेल्या दुर्बिणीची आतली भिंगं इथं खिळखिळी होतात. शिवाय रायफलीच्या दुर्बिणी बहुधा शंभर यार्डांच्या हिशोबानं जुळवलेल्या असतात. जवळच्या डब्यावर डोळा हलला की फुलीही हलल्यासारखी वाटते. तेव्हा एअरगनचीच घ्यावी. मी विचारलं, ही एअरगनची आहे ना? तो म्हणाला, "सर, म्हणूनच पडून होती."

घरी आणून बसवली. डोळ्याकडची कडी फिरवून फुली स्वच्छ करायची असते. पुस्तिकेत लिहिलेलं, मोकळ्या आभाळाकडं झटकन पाहा, टक लावू नका, नाहीतर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि तुम्ही फसता. इथं आयुष्यात पहिल्यांदा म्हातारपणाचा फायदा झाला. माझा डोळा काहीही जुळवून घेत नाही. टक लावून पाहिलं तरी मी फसलो नाही. जिथं फुली लख्ख दिसली तिथं बायकोच्या नेलपेंटचा लाल ठिपका देऊन ठेवला.

मग नेम जुळवणी. छर्रे दोन इंच डावीकडं जात होते, म्हणजे आरसा फुटला ती मूळची खोड असावी असं मी साडूभाऊंना कळवलं. उत्तर आलं नाही. दुर्बिणीवरच्या नेम सरकवायच्या खुंटीचा एक टिचका म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच. माझ्या पंचवीस यार्डांवर इंचाचा सोळावा हिस्सा. दोन इंचांना बत्तीस टिचके. टिचका म्हणे ऐकू येतो. मला आला नाही, तो निराळा विभाग आहे आणि त्याचे डॉक्टरही निराळे आहेत. बोटांनी मोजत एकोणीसवर आलो आणि सालगडी धावत आला, "मालक, लाइट आली, मोटार टाकू का?" पुन्हा एकपासून.

पण जमलं. संध्याकाळी बेसनाचा डबा टण्णकन वाजला. डब्याशेजारी बांधावरची मुंगळ्यांची रांगही दिसत होती. कितीतरी वर्षांनी मी एक डोळा मिटून खूश झालो.

रविवारी साडूभाऊंना मुद्दाम बोलावलं. नवा आरसाही आणून ठेवला होता. त्यांनी बंदूक खांद्याला लावली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "यात तर सगळं धुरकट आहे. तुम्हाला काय दिसलं कुणास ठाऊक." कडी माझ्या नंबराला लावलेली, त्यांचा नंबर वेगळा. आम्हा दोघांनाही तो कधी एकमेकांना सांगायची हिंमत झाली नव्हती. त्यांनी कडी फिरवली, थांबवली, आणि पहिल्याच छर्ऱ्याला डबा उडवला. नंतर मी डोळा लावला तर सगळं धुरकट. ठिपका होता म्हणून निभावलं. त्यांच्यासाठी बॉलपेननं निळा ठिपका दिला. एका दुर्बिणीवर आता दोन साडू नांदतात.

परवा शेतात गेलो. रविवारसाठी बांधावर पाच डबे मांडून ठेवले होते, त्यातल्या तिघांना भोकं. नेम अगदी मधोमध. दुर्बीण उचलून पाहिली तर लाल आणि निळ्याच्या पलीकडं आणखी एक ठिपका, लालच, ताजा, बोटाला लागेल असा.

सालगड्याला विचारलं. तो बैलाकडं बघत म्हणाला, "मला काय म्हाईत मालक. बाईंनी सांगू नको म्हनलंय."